चौथा माणूस

सुरुवात करण्याआधी एक विनंती. तो डावीकडचा पंखा जरा कमी करता का? माझे कागद उडतायत. हं, बास. आता ठीक.

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिलाय 'लोकसमजुती आणि कुटुंब'. विषय मोठा आणि माझं कुटुंब लहान, तेव्हा मी एकाच समजुतीवर बोलणार आहे. तिघांनी मिळून कामाला निघू नये. तीन तिगाडा, काम बिगाडा. इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी हे पाळतात, आणि उरलेले निम्मे आम्ही असलं काही पाळत नाही असं सांगून पाळतात. निघणं टाळता येत नसेल तर त्यावर उपायही आहे. एक खडा बरोबर घ्यायचा. खडा चौथा. झाले चार.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावजवळ. आमच्या आजीचा या बाबतीतला हिशेब फार कडक होता. ताटात तीन चपात्या वाढायच्या नाहीत. दोन वाढायच्या, मग एक, म्हणजे वाढणं वेगळं झालं. मी कॉलेजात असताना शहाणपणा करून तिला विचारलं, "आजी, दत्ताला तीन तोंडं आहेत, त्याचं काय?" आजी म्हणाली, "म्हणून तर बरोबर चार कुत्री आन् एक गाय हाय." यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

पण आमच्या घरात या नियमाला एक पोटकलम आहे. इतरांकडे चौथा म्हणून खडा चालतो, सुपारी चालते, काही ठिकाणी हळकुंडही चालतं. आमच्याकडे फक्त खडा. सुपारी बिलकुल नाही. हे का, ते सांगायलाच मी आज उभी आहे.

सुपारी माणसाच्या जागी बसवणं आपल्याला नवीन नाही. पूजेला बसताना विड्याच्या पानावर मूठभर तांदूळ आणि त्यावर सुपारी ठेवली की तो गणपती होतो. नवरा एकटाच पूजेला बसला, बायको हजर नसली, तर कमरेला सुपारी खोचून बसतात. ती सुपारी म्हणजे बायको. ज्या घरात एवढीशी सुपारी गणपतीही होते आणि बायकोही होते, त्या घरात ती एसटीनं कऱ्हाडला जाणारा चौथा माणूस झाली तर त्यात नवल काय?

साल 1964. माझ्या वडिलांसाठी कऱ्हाडजवळच्या एका गावची मुलगी सांगून आली होती. बघायला जायचे तिघं: आजोबा, थोरले चुलते आणि वडील. आजोबांना सगळे आबा म्हणत, चुलत्यांना अण्णा आणि वडिलांना दादा. चौथे जाणार होते ते आत्याचे यजमान, पण त्यांची म्हैस आदल्या रात्री व्यायली आणि म्हशीपुढं मेव्हण्याचं लग्न काय! ते आले नाहीत. राहिले तीन.

आजीनं देवघरातली सुपारी घेतली, तिला हळदकुंकू लावलं आणि आबांच्या हातात दिली. "अवं, ह्यो चौथा. बंडीच्या खिशात ठेवा. येताना माघारी आणा." आबा हो म्हणाले आणि त्यांनी सुपारी चंचीत टाकली.

चंची आताच्या मुलांना माहीत नसेल. कापडाची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून नाडीनं बांधायची पिशवी. एका कप्प्यात पानं, एकात कात, चुन्याची डबी, लवंग असेल तर लवंग, सुपारी आणि अडकित्ता. आबांच्या दृष्टीनं जगात सुपारीची जागा एकच होती आणि ती चंची. त्यांनी चौथ्या माणसाला त्याच्या भाऊबंदांत नेऊन बसवलं. कुंकवाची खूण होती म्हणावं, तर काताच्या लालीत कुंकवाची लाली कुणाला दिसतेय?

कोरेगावहून सातारा, साताऱ्याहून कऱ्हाड आणि पुढं चालत. एसटी सुरू होऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर धावली. हे साल लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

मुलीच्या घरी सोप्यात घोंगडी अंथरली होती. भावकीतली दहा-बारा माणसं जमली होती. कऱ्हाडकडची माणसं, तेव्हा बोलणं यशवंतरावांवरूनच सुरू होणार. ते त्या वेळी दिल्लीत संरक्षणमंत्री. मग पाऊसपाणी, मग ऊस, मग पोहे, चहा. मुलगी अजून आतच होती. आबांना चहा झाल्यावर पान लागायचं. त्यांनी चंची सोडली, पानाला चुना लावला, बोलता बोलता कप्प्यात हात घातला, हाताला आली ती सुपारी अडकित्त्यात धरली आणि कट्ट!

आता इथं ज्यांना आपल्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात लग्न ठरण्याला म्हणतात सुपारी फुटली. दोन्हीकडची पंचमंडळी बसायची, देणंघेणं बोलायचं, मग सगळ्यांदेखत सुपारी फोडायची. ती फुटली की शब्द पक्का. (सुपारी या शब्दाचं नशीबच असं की तिच्यावर करार होतात. तमाशाच्या फडाला सुपारी देतात. जत्रांच्या दिवसांत नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथं जाऊन सुपारी ठरवतात. मुंबईत याच शब्दावर पुढं काय काय ठरायला लागलं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेलंच आहे.)

तर वधूपक्षाच्या सोप्यात, दहा-बारा माणसांसमोर, वरपित्यानं स्वतःच्या चंचीतली सुपारी काढून स्वतःच्या अडकित्त्यानं फोडली. क्षणभर सगळे गप्प. मग मुलीचे चुलते ओरडले, "सुपारी फुटली! आरं, साखर आणा!"

आबांच्या तोंडात तोवर पान गेलेलं. तोंड उघडता येईना. त्यांनी जोरजोरानं मान हलवली आणि हातानं दाराकडे दाखवलं. पिंक कुठं टाकू, एवढंच त्यांना विचारायचं होतं. लोकांना वाटलं, वाजंत्री बोलवा म्हणतायत.

अण्णांच्या लक्षात सगळ्यात आधी आलं. पण काय ते आलं बघा. लग्न ठरलं हे नाही. त्यांनी अडकित्त्याखाली पडलेली दोन खांडं बघितली, त्यावरचं कुंकू बघितलं आणि घाबऱ्याघुबऱ्या म्हणाले, "आबा, चौथा फोडला की वो तुमी!"

मुलीचे वडील म्हणाले, "चौथा कोण? बाहेर हुबा केलाय का? आत बोलवा की!" आणि आत आवाज दिला, "आणि एक ताटली आणा गं!"

ती ताटली आली. पोह्यांनी भरून आली. कुणापुढं ठेवायची हे न कळून ती घोंगडीच्या मधोमध ठेवली. फुटक्या सुपारीशेजारी.

या गडबडीत मुलगी बाहेर कधी आली, पाटावर कधी बसली, नमस्कार करून आत कधी गेली, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ती मुलगी म्हणजे माझी आई. तिला मी खूप वर्षांनी विचारलं, तुला तेव्हा काय वाटलं? ती म्हणाली, "मी चुलीपाशी होते. कट्ट झालेलं ऐकलं. मला वाटलं, खोबरं फोडलं."

खरी पंचाईत पुढं. लग्न ठरलं, गुळाची ढेप हातात आली, पण परत निघायचं तर पुन्हा तिघंच. आबांना अपशकुनाची भीती नव्हती, ते तसे बेडर गृहस्थ. त्यांना आजीची भीती होती. एसटीला वेळ होता म्हणून ते कृष्णेच्या घाटावर गेले आणि पाण्यातून एक काळा गुळगुळीत खडा उचलून आणला. या वेळी तो बंडीच्या खिशात ठेवला.

घरी आल्यावर आजी उंबऱ्याच्या आतच उभी. "चौथा कुठाय?" आबांनी खडा पुढं केला. "म्या सुपारी दिलती." आबा म्हणाले, "लग्न जमलं." आजी म्हणाली, "पोरगी कशी हाय?" तिघंही एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी दादा हळूच म्हणाले, "भांग सरळ काढलाय."

आजी त्या रात्री जेवली नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात चौथ्याच्या जागी सुपारी बंद झाली.

आता ते 1948 साल. पुणे-नगर गाडी सुटली त्याच वर्षी अमेरिकेत बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यातल्या उपाशी कबुतरांना ठरावीक वेळानं दाणे मिळायचे, कबुतरानं काहीही करो वा न करो. पण दाणे आले तेव्हा जे कबुतर नेमकं गोल फिरत होतं, ते पुढं फिरतच राहिलं. दुसरं एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसत राहिलं. आठांपैकी सहा पक्ष्यांना अशी काही ना काही खोड लागली. अंधश्रद्धा कशी जडते हे सांगताना या कबुतरांचा दाखला नेहमी देतात, मीही शाळेत शिकवताना द्यायचे.

पण आमच्या आजीला तो लागू पडत नाही, ही माझी अडचण आहे. माझ्या आईवडिलांचा संसार सुखाचा झाला. सुपारी फुटली आणि भलं झालं. कबुतर असतं तर त्यानं पुढच्या प्रत्येक स्थळाला जाऊन अडकित्ता चालवला असता. आजीनं उलट केलं, सुपारीच बंद केली. मला वाटतं, तिचा राग शकुनावर नव्हताच. घरातल्या थोरल्या बाईला न विचारता, तिनं मुलगी न बघता, तिच्याच देवघरातल्या सुपारीवर सून ठरली, हे तिला लागलं होतं. पुढं माझ्या दोन्ही आत्यांच्या नातवंडांपर्यंत जेवढी स्थळं आली, त्या प्रत्येक वेळी तिघांत ती स्वतः एक असायची. आबांना विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "खडा चावता येत न्हाई, म्हणून."

मागे एका ठिकाणी मी हे सांगितल्यावर एक तरुण उठून म्हणाला, बाई, तुम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करताय. मी त्याला म्हटलं, डॉक्टर दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य घातलं आणि जो ते गेल्यावर 2013 साली झाला, तो मी वाचलाय. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत, आणि त्यातल्या एकेकीमागं कुणाचा तरी छळ आहे, लूट आहे, कुणाचा जीव गेलाय. तिथं मी त्या तरुणाच्या बाजूला उभी आहे. खिशातल्या खड्यानं कुणाला लुबाडलेलं नाही. एक ताटली पोहे तेवढे वाया गेले. म्हणजे, तेही गेले नाहीत. अण्णांनी खाल्ले.

माझा जन्म झाला तेव्हा आजीच्या हिशेबात नवीन गोंधळ झाला. आई, वडील आणि मी, म्हणजे कायमचे तीन. तान्ह्या पोराला एसटीत तिकीट नसतं, पण आजीच्या गणतीत ते पुरं माणूस. त्यामुळे माझ्या दुपट्याच्या गाठीत कृष्णेचा तो खडा बांधलेला असायचा. कंडक्टर-ड्रायव्हर धरून पाच होतात की, असं वडिलांनी एकदा म्हणून पाहिलं. आजी म्हणाली, "पगारी माणूस मोजायचा नसतो." धाकटा भाऊ झाला आणि मग कुठं तो खडा सुटला.

आजी गेली, आबा गेले, आता आईवडीलही नाहीत. खड्याची वाटणी करायची वेळ आली तेव्हा भावानं जमीन घेतली आणि मी खडा मागून घेतला. तो हसला. तो इंजिनिअर आहे, त्याला वाटलं, बरं झालं, सुटलो.

माझा वेळ संपत आलाय, अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. आज इथं आम्ही गाडीनं आलो. मी, माझे यजमान आणि ती पहिल्या रांगेत मोबाइल बघत बसलीय ती माझी नात. किती झाले ते तुम्हीच मोजा. पंखा कमी करूनही माझे कागद हलत होते, म्हणून मघाशी मी त्यांच्यावर काहीतरी काळं ठेवलं, ते मागच्यांना दिसलं नसेल. यजमानांना मात्र दिसलंय आणि मघापासून ते खुणावतायत की हे इथंच विसरून येऊ नकोस. घेते हो, घेते.