आधी जेवण, मग डीएनए

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली अंड्यातून बाहेर पडणारी अळी.)

अंडं घातल्याला साधारण एक दिवस झालाय आणि फळमाशीची ही अळी आत्ताच बाहेर आलीये. लांबी एक मिलिमीटर भरेल न भरेल.

काल अंड्यात मात्र नुसती धांदल होती. सुरुवातीला तर दर आठ-नऊ मिनिटांनी सगळी केंद्रकं दुप्पट होत होती. दर वेळी कोट्यवधी अक्षरांचा डीएनए पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून काढायचा, तोही काही मिनिटांत. त्यासाठी लागणारं सगळं आईनं अंड्यात शिदोरीसारखं बांधून दिलेलं होतं.

आता पाहा. जवळजवळ सगळं ठप्प आहे. मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांत पाच-पाच मूलपेशी (ज्यांच्यापासून पुढे चेतापेशी बनतात) तेवढ्या विभागत राहतात. बाकीच्या पेशी डीएनएला हातसुद्धा लावत नाहीत. त्या वाट पाहतायत पहिल्या घासाची.

पण घास कशाचा, हे महत्त्वाचं. अळीला नुसत्या साखरेच्या पाण्यावर ठेवलं, तर ती कित्येक दिवस जगते, वळवळते. वाढत मात्र नाही, आणि पेशीही जाग्या होत नाहीत. ऊर्जा असते, अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, नसतात. त्या पुरवणारं यीस्ट खाऊ घातलं, की चित्र पालटतं.

(दृश्य : काळोख्या पार्श्वभूमीवर चमकणारी केंद्रकं.)

हे दिसतं कसं? डीएनएच्या 'टी' या अक्षरासारखं एक खोटं अक्षर पेशींना द्यायचं. जी पेशी त्या वेळी डीएनएची प्रत काढत असेल, ती फसते आणि ते अक्षर प्रतीत गोवून टाकते. मग रंग देऊन ते शोधायचं. जी केंद्रकं चमकली, ती कामावर होती.

1998 साली ब्रिटन आणि एडगर या संशोधकांनी याच युक्तीनं एक साधा प्रश्न विचारला : खाऊन-पिऊन वाढीला लागलेल्या अळीच्या तोंडचा घास काढून घेतला, तर काय होतं?

उत्तर एक नव्हतं, दोन होती.

अळीच्या शरीराचा बहुतेक भाग, म्हणजे लाळग्रंथी, आतडं, मेदपिंड (चरबी साठवणारा अवयव), अशा पेशींचा बनलेला असतो, ज्या विभागतच नाहीत. त्या डीएनएची प्रत काढतात, पुन्हा काढतात आणि सगळ्या प्रती एकाच केंद्रकात साठवून फुगत जातात. लाळग्रंथीत अशा दहाएक फेऱ्या होतात, म्हणजे हजाराच्या वर प्रती. त्या एकमेकींना चिकटून जे जाडजूड, पट्ट्यापट्ट्यांचं गुणसूत्र तयार होतं, ते साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतं. अळीचं वजन चारेक दिवसांत सुमारे दोनशे पट होतं, ते मुख्यतः या फुगण्यातून. दुसरीकडे आहेत मेंदूच्या मूलपेशी, आणि पुढे पंख, पाय, डोळे घडवणाऱ्या छोट्या चकत्या. तिथल्या पेशी रीतसर विभागतात.

उपासमार सुरू झाली, की पहिला गट प्रती काढणं थांबवतो. दुसरा, एकदा जागा झालेला असेल तर, काम चालूच ठेवतो.

मला यातली गंमत अशी वाटते : कोषात गेल्यावर ज्या ऊती बहुतांशी मोडीत निघणार आहेत, त्या हात आखडता घेतात, जी माशी अजून जन्मायची आहे, तिची मात्र तयारी थांबत नाही.

लगाम दोन्हीकडे वेगळ्या जागी असतो. उपाशी अळीत 'ई-टू-एफ' हे प्रत काढायला चालना देणारं प्रथिन मुद्दाम वाढवलं, तर फुगणाऱ्या पेशी अन्नाविना प्रती काढू लागतात. झोपलेल्या मूलपेशी मात्र तेवढ्यानं हलत नाहीत. फुगणाऱ्या पेशीत हे प्रथिन साठतं, प्रत काढायला सुरुवात होते, आणि त्या कामातच ते नष्ट केलं जातं. ते पुन्हा साठलं, की पुढची फेरी. अन्न कमी पडलं, की प्रथिनं बनवण्याचं कामच मंदावतं; 'ई-टू-एफ' भरायला उशीर लागतो आणि फेरी लांबते.

(दृश्य : मेदपिंडाची पांढरी पाती.)

मूलपेशींना जेवणाची बातमी पोचते ती फिरून. अमिनो आम्लं आली, हे मेदपिंड ओळखतं आणि मेंदूकडे संदेश धाडतं. मग मूलपेशींच्या शेजारच्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, इन्सुलिनसारखी द्रव्यं सोडतात, आणि मूलपेशी उठतात. काचेच्या बशीत उपाशी अळीचा मेंदू खाल्लेल्या अळीच्या मेदपिंडाशेजारी ठेवला, तरी त्या जाग्या होतात. पुढे, अळी पुरेशी वाढल्यावर, याच ग्लिया दुसरा संदेश देऊ लागतात. मग उपासमारीची झळ मेंदूला फारशी लागत नाही.

(दृश्य : प्रौढ मादीचं अंडाशय.)

प्रौढ मादीतही ही अवलंबिता सुटत नाही. यीस्ट तोडलं, तर अंड्यांची संख्या सुमारे 60 पटींनी घसरते. अंडाशयात प्रत्येक होऊ घातलेल्या अंड्याला 15 पोषक पेशी चिकटलेल्या असतात. याही न विभागता डीएनएच्या प्रतींवर प्रती काढून फुगतात आणि जमवलेलं सगळं अंड्यात ओततात. काल आपण पाहिलेली शिदोरी बांधली गेली, ती इथेच.