फ्लॅपचा खटका

९ जून २०१६, अमेरिकेतलं ह्यूस्टन. हॉबी विमानतळाजवळच्या एका हार्डवेअर दुकानासमोर मोटार उभी आहे. आत कुणी नाही, हे नशीब. कारण दुपारी एकच्या सुमारास तिच्यावर विमान कोसळलं.

ते होतं सिरस एसआर-२०, एका इंजिनाचं छोटं विमान. ओक्लाहोमातल्या नॉर्मनहून एका कुटुंबातले तिघं त्यातून निघाले होते. विमान चालवत होत्या त्यांच्यातल्याच एक बाई.

हॉबीवर बोइंग ७३७ची सतत ये-जा. उतरताना त्यांचा वेग सिरसच्या दीडपटीहून जास्त. एसटीच्या पुढ्यात स्कूटर चालवावी, तसं हे. पण एसटीला ब्रेक तरी मारता येतो. इथे मागून ७३७ जवळ आलं, आणि टॉवरनं, म्हणजे विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरनं, सिरसलाच बाजूला काढलं. मग दुसरी धावपट्टी, क्रमांक ३५. वारा पूर्वेचा, जवळजवळ आडवा. विमान फार उंचावर राहिलं, उतरता आलं नाही. पुन्हा फेरी, पुन्हा नव्या सूचना. बाई प्रत्येक सूचनेला होकार देत राहिल्या.

न उतरता पुन्हा वर जाणं, म्हणजे गो-अराउंड, यात कमीपणा काहीच नाही. फक्त क्रम चुकता कामा नये. आधी इंजिनाला पूर्ण ताकद. फ्लॅप अर्ध्यावर. वेग येऊ द्यायचा. मगच फ्लॅप पूर्ण आत.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या झडपा. वेग कमी असताना त्याच विमानाला उचलून धरतात. सिरसमध्ये त्यांचा खटका दोन्ही आसनांच्या मधोमध असतो. तीन जागा: शून्य, पन्नास, शंभर टक्के. एका बोटानं सरकतो.

शेवटच्या खेपेला वेग यायच्या आधीच फ्लॅप आत गेले. त्यात विमान वळत होतं, आणि वळताना पंखांवर भार वाढतो. पंखांची हवेवरची पकड सुटली, विमान गिरकी घेत खाली आलं. सिरसला अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं, पण ते उघडायला उंची लागते. ती नव्हती. तिघंही गेले.

‘वैमानिकाची चूक’ म्हणून हे प्रकरण मिटवणं मला पटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं मुख्य कारण चुकलेलं गो-अराउंड हेच दिलं. पण सोबत हेही नोंदवलं, की एका कंट्रोलरनं या विमानाला त्या गर्दीत फेऱ्या मारत ठेवलं, आणि दुसऱ्यानं, ऐन नाजूक क्षणी, गरज नसताना गुंतागुंतीची सूचना दिली.