ऑर्टिंगचा भोंगा

[दृश्य : सिएटल. सकाळची गर्दी, सरोवरावरचा पूल. क्षितिजावर पांढराशुभ्र डोंगर.]

सिएटलमध्ये ढगांचं राज्य. मग एखाद्या सकाळी आभाळ मोकळं होतं, आणि बसमध्ये, ऑफिसात, कॉफीच्या रांगेत एकच वाक्य ऐकू येतं : "आज डोंगर दिसतोय!" कुठला डोंगर, असं कोणी विचारत नाही.

माउंट रेनियर. उंची ४,३९२ मीटर. इथल्या मूळ रहिवाशांचा ताहोमा. अमेरिकेच्या या वायव्य कोपऱ्यात आयटीतल्या नोकऱ्यांसाठी आलेल्या मराठी घरांतही त्याचं कौतुक असतं. पुण्या-नाशिकहून आईवडील आले की एखाद्या रविवारी त्यांना तिथं न्यायचं, बर्फात उभं करून फोटो काढायचा. हा जागृत ज्वालामुखी आहे असं सांगितलं की आई हमखास विचारणार, "मग धूर कुठंय?"

धूर नाही. आणि इथल्या लोकांना खरी धास्ती आगीची नाहीच. चिखलाची आहे.

[दृश्य : हिमनद्या, जवळून. भेगांमधून झिरपणारं पाणी.]

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर चढले आणि निवले. म्हणून ज्वालामुखीचा दगड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा, घट्ट कातळ येतो. रेनियरचं तसं नाही. त्याच्या पोटातली वाफ आणि आम्लधर्मी गरम पाणी शतकानुशतकं खडकात मुरत राहतं. कातळाची हळूहळू चिकणमाती होते. बाहेरून डोंगर, आतून काही ठिकाणी भुसभुशीत. वर डोक्यावर बर्फ. इतकं, की कॅस्केड या इथल्या डोंगररांगेतल्या बाकी सगळ्या ज्वालामुखींवरचं एकत्र केलं तरी याची बरोबरी होत नाही.

असा एखादा कडा सुटला, की दगड, बर्फ, पाणी, वाटेतली झाडं सगळं कालवलं जातं आणि ओल्या काँक्रीटसारखं नदीच्या पात्रातून धावत सुटतं. त्याला लाहार म्हणतात. शब्द जावा बेटावरचा, आता जगभरच्या अभ्यासकांचा.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं माहीत असलेल्यांना दरड समजावून सांगायला नको. त्या दरडी पावसानं सुटल्या आणि पायथ्याशी थांबल्या. लाहार पायथ्याशी थांबत नाही. तो नदीचा रस्ता धरतो आणि डोंगर दिसतही नसेल अशा गावात पोचतो.

[दृश्य : ऑर्टिंग. बैठी घरं, शाळेचं मैदान, दोन्ही अंगांना नद्या.]

हे ऑर्टिंग. कार्बन आणि प्युऍलप या दोन नद्यांच्या मधलं छोटं गाव. दोन्ही नद्या रेनियरच्या हिमनद्यांतून निघतात.

सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी रेनियरचा माथाच कोसळला होता. तो चिखल थेट समुद्राच्या खाडीपर्यंत गेला. आज त्याच्यावर गावं वसलेली आहेत. मग सुमारे ५०० वर्षांपूर्वी, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबानं काल-परवाच, पश्चिमेचा कडा सुटला आणि इथं आला. नवी घरं बांधताना जमिनीत मोठाल्या वृक्षांचे बुंधे सापडले, त्या चिखलात गाडले गेलेले. त्या कोसळण्याच्या वेळी उद्रेक झाल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

सगळी अडचण इथं आहे. उद्रेक बहुधा चाहूल देऊन येतो. कुजलेला कडा देईलच असं नाही.

[दृश्य : १९८० ची छायाचित्रं. माउंट सेंट हेलेन्स.]

चाहूल कशी असते, ते याच रांगेतल्या सेंट हेलेन्सनं दाखवलं. २० मार्च १९८० ला भूकंप जाणवला. आठवडाभरात वाफेचे स्फोट सुरू झाले. मग उत्तरेचा उतार फुगायला लागला, रोज दीड-दोन मीटर! डोंगर नुसत्या डोळ्यांना बेढब दिसू लागला. अभ्यासक मोजत होते, पण तारीख कोणालाच सांगता येत नव्हती. १८ मे, रविवार, सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी तो उतार घसरला आणि स्फोट आभाळाकडे न जाता आडवा सुटला. दहाएक किलोमीटरवरच्या कड्यावर डेव्हिड जॉन्स्टन हा ३० वर्षांचा भूशास्त्रज्ञ निरीक्षणाला बसला होता. त्यानं रेडिओवरून व्हँकुव्हरला हाक दिली, "हेच ते!" आणि आवाज बंद झाला. त्या दिवशी ५७ माणसं गेली. रस्ते आधीच बंद केले नसते तर हा आकडा कुठल्या कुठे गेला असता.

ते व्हँकुव्हर कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टन राज्यातलं. तिथंच आज जॉन्स्टनच्या नावानं ज्वालामुखींची वेधशाळा आहे. तिची माणसं या डोंगररांगेवर नजर ठेवतात : भूकंपमापक, जमीन मिलिमीटरनं सरकली तरी टिपणारी जीपीएस केंद्रं, वायूंचे नमुने. ८ जुलै २०२५ ला रेनियरखाली शेकडो बारीक भूकंपांची रांग लागली, २००९ नंतरची सर्वांत मोठी. बातम्यांनी अर्थातच धुरळा उडवला. वेधशाळेनं आकडे पाहिले आणि इशाऱ्याची पातळी हिरवीच, म्हणजे नेहमीसारखीच, ठेवली. "काही नाही" असं आकड्यांच्या जोरावर सांगता येणं, हे त्यांचं निम्मं काम असावं.

[दृश्य : रात्र. फक्त नदीचा आवाज.]

पण मोजणारे असले म्हणजे गाव वाचतं असं नाही. १३ नोव्हेंबर १९८५, कोलंबिया. नेवादो देल रुईझ हा ज्वालामुखी. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि आर्मेरो गाव त्या नकाशात चिखलाच्या वाटेवरच होतं. दुपारी गावावर राख पडली. शांत राहा, घरातच थांबा, असं लोकांना सांगितलं गेलं. रात्री नऊनंतर उद्रेक झाला, तसा लहानसाच. त्यानं माथ्यावरचं थोडं बर्फ वितळवलं. लाहार आर्मेरोत पोचायला सुमारे अडीच तास लागले. अडीच तास! वीस हजारांहून जास्त माणसं त्या चिखलात गेली. जवळची टेकडी चालत गाठण्याइतकी होती.

[दृश्य : जंगलातली धातूची पेटी, सौरपट्टी, अँटेना.]

ऑर्टिंगकडे अडीच तासही नाहीत. इशारा मिळाल्यावर हातात तासाभराहून कमी वेळ. म्हणून १९९८ पासून नदीखोऱ्यांत यंत्रं पुरून ठेवली आहेत. ती डोंगराकडे बघत नाहीत, जमिनीला कान लावून बसतात. भूकंपाची थरथर वेगळी, चिखलाच्या लोंढ्यात दगडावर दगड आपटत येतो तेव्हाची बारीक, खडखडती थरथर वेगळी. ती ओळखू आली की संदेश आपत्कालीन केंद्राकडे, आणि गावात भोंगे.

[दृश्य : मुलांची लांबलचक रांग, मागे शिक्षक.]

२१ मार्च २०२४. सरावाचा दिवस. खोऱ्यातल्या शाळांमधली सुमारे ४५,००० मुलं एकाच दिवशी वर्गाबाहेर पडली आणि सुरक्षित जागांकडे निघाली. ऑर्टिंगची मुलं पायी, कारण रस्ते मोजके. सगळ्यांनी गाड्या काढल्या तर कोणीच निघणार नाही. पालकांना सूचना अशी की मुलांना घ्यायला शाळेकडे यायचं नाही. सगळ्या सरावात ही एक गोष्ट पाळणं सर्वांत अवघड असणार. काही मुलांच्या गप्पा चालल्या आहेत, एकजण बुटाची नाडी बांधायला वाकलाय, मागची रांग त्याच्यावर आदळते. बाई घड्याळ बघतात.

[दृश्य : ऑर्टिंग, दुपार. ढगाळ आभाळ.]

महिन्यातून एकदा भोंग्याची चाचणी होते. दुकानातला माणूस मान वर करतो, घड्याळाकडे बघतो, परत बिल करायला लागतो. आज डोंगर दिसत नाहीये.