पाचूतलं तेल

लोक माझ्यासमोर पाचूच्या तपासणीचा कागद ठेवतात आणि म्हणतात, "बघा, नैसर्गिक लिहिलंय." मी तो शब्द नंतर वाचते. आधी तेलाची ओळ शोधते.

का ते सांगते. पाचू म्हणजे बेरिल नावाचं खनिज. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं की हिरवा रंग येतो. पण पाचूत बारीक भेगा असतात, आणि त्यातल्या कितीतरी थेट पृष्ठभागावर उघडतात. आत हवा असते म्हणून भेग चकाकते, डोळ्यात भरते. तीत सीडारच्या लाकडाचं तेल मुरवलं की ती विझल्यासारखी होते, कारण तेलात प्रकाश जवळजवळ पाचूइतकाच वाकतो. रेझिन, म्हणजे राळेसारखा पदार्थ, तर पाचूच्या आणखी जवळ जातं, म्हणून ते जास्त लपवतं. तेल देण्याची रीत फार जुनी. त्यात फसवणूक नाही. न सांगता विकण्यात आहे.

म्हणजे खडा शंभर टक्के खाणीतला, तरीही आत बाहेरचं काहीतरी भरलेलं. 'नैसर्गिक' या शब्दात हे मावत नाही. म्हणून चांगली प्रयोगशाळा भरण किती ते वेगळं लिहिते: नाही, किरकोळ, मध्यम, जास्त. तेल की रेझिन, हे इन्फ्रारेड किरणांच्या तपासणीत कळतं. नुसत्या डोळ्यांनी मी पैज लावणार नाही.

सूक्ष्मदर्शकात मात्र मजा असते. कोलंबियाच्या पाचूत कधी एक इवलीशी पोकळी सापडते: आत खारं पाणी, पाण्यात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाचूचं रसायन तेच, पण पोटात वेगळंच काही दिसतं. अशा काही पाचूंत विरलेल्या ओढणीसारखे पडदे असतात.

मागून प्रश्न आलाय, "दुकानदारानं स्वतःच दिलेलं तपासणीचं कार्ड चालेल का?" अहो, विकणाराच परीक्षक झाला तर तपासणी कसली? स्वतंत्र म्हणजे जिला खडा विकला जाण्यात रस नाही अशी प्रयोगशाळा. जयपूरला आहे, मुंबईत आहे. मोठा खडा असेल तर लोक स्वित्झर्लंडलाही पाठवतात. कार्डावर किंमत छापलेली दिसली की मी जरा सावध होते. तपासणीच्या कागदावर तिचं काय काम?

आता माझ्या मावशीची गोष्ट. बुधासाठी करंगळीत घातलेली अंगठी. रिपोर्ट होता, 'किरकोळ तेल' असं लिहिलेला, अगदी खरा. सोनारानं ती धुवायला अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात, टाकली. बाहेर आली तेव्हा खड्यात पांढऱ्या रेघांचं जाळं! खडा बदलला म्हणून मावशी भांडायला निघाली. मी भिंगाखाली धरला. रिपोर्टावरच्या फोटोतला तोच काळा ठिपका, त्याच कोपऱ्यात. खडा तोच होता, आतलं तेल निघून गेलं होतं. तिनं पुन्हा तेल भरून घेतलं. तपासणी मात्र नव्यानं करावी लागली, कारण जुन्या कागदावरचं 'किरकोळ' हे जुन्या तेलाबद्दल होतं.