बाटली, सिरिंज आणि वावर

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं कपाशीचं वावर. निंदणाला लागलेल्या बाया.)

मधुमेहासाठी सकाळी सातला टोचलेलं इन्सुलिन दुपारी बारालाही अंगात जोरावर असतं. निंदणही जोरावर असतं. शिदोरी मात्र एकला सुटते. रक्तातली साखर उतरते ती याच मधल्या वेळात.

ही बाटली ३०/७० मिश्र इन्सुलिनची. हलक्या हाताने दहा-वीसदा तळव्यात फिरवा, हलवून फेस आणू नका. यातले ३० टक्के साधं, म्हणजे रेग्युलर. ते अर्ध्या तासात लागू होतं, दोन ते चार तास जोर धरतं. म्हणून सुई न्याहारीच्या अर्धा तास आधी. बाकी ७० टक्के दुधाळ एनपीएच. त्यात प्रोटामिन नावाचं प्रथिन असल्यानं ते कातडीखालून सावकाश सुटतं आणि चौथ्या तासानंतर भरात येतं. मिश्र घेणाऱ्यानं शिदोरी लांबवायची नाही. एकादशी धरायची तर डोसचं डॉक्टरांना आधीच विचारायचं. वावरात चालायचं असेल त्या दिवशी मांडीत न टोचता पोटात टोचा. राबत्या मांडीतून इन्सुलिन लवकर चढतं.

साखर उतरली की घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. लोक म्हणतात ऊन लागलं, आणि माणसाला झाडाखाली निजवतात. ही चूक जिवावर बेतते! शुद्धीत असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजा, १५ मिनिटांनी साखर तपासा. ७० (मिग्रॅ/डेलि) च्या खालीच असेल तर पुन्हा पाजा, मग भाकर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट ही झटपट इन्सुलिनं ताटावर बसताना घेतात. दहा-पंधरा मिनिटांत लागू होतात. ग्लार्जिन हे लांब चालणारं इन्सुलिन रोज ठरल्या वेळी, जवळपास २४ तास एकसारखं चालतं. तेही साध्या इन्सुलिनसारखं, पाण्यागत नितळ दिसतं, पण दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही.

(दृश्य : दोन सिरिंज शेजारी शेजारी.)

लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट), केशरी १०० साठी. पेनमधलं १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. उलट, ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजनं ओढलं तर २० ऐवजी आठच. साखर हटत नाही, डोस वाढत राहतो, आणि दोष औषधाला लागतो. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा.

मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, आत झाकणाच्या डब्यात बाटली, वरून ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून हे मडकं चांगलं गार पडतं. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलंच असतं. नितळ औषध गढूळ झालं, दुधाळात गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरा थर धरला, तर ती बाटली टाका. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा; चार आठवड्यांनी नवी काढायची.