पहिला परिच्छेद कापा

फलकावर विषय लिहिलाय ‘इंग्रजीचा अंतिम निबंध : लेखन आणि पुनर्लेखन’. पुनर्लेखनावर येतोच, पण आधी एक गाऱ्हाणं ऐकून घ्या. टी.वाय.च्या निबंधातला पहिला परिच्छेद हा निबंध नसतोच. तो लेखकाचा जन्मदाखला असतो.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलचा ‘शूटिंग ॲन एलिफंट’ घ्या, म्हणजे ब्रह्मदेशात जमावासमोर हत्तीला गोळी घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा निबंध. त्यावर लिहिताना तुमची सुरुवात ठरलेली : खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर, जन्म 1903, मोतिहारी. मग 1922 साली ब्रह्मदेशात पोलिसाची नोकरी. मग कादंबऱ्यांची यादी. सगळं बरोबर, आणि दीडशे शब्द खलास. दीड हजारांच्या निबंधातला दहावा हिस्सा! मोतिहारीकर खूश होतील, गुण देणारे मोतिहारीचे नसतात. (मागे हसताय, म्हणजे तुमच्याही फाइलीत तो परिच्छेद आहे.)

सालं लिहूच नका असं नाही. प्रसंग तरुण पोलीस अधिकाऱ्याचा आणि निबंध 1936चा, म्हणजे सांगणारा तिशी ओलांडलेला. हे अंतर तुमच्या मुद्द्याला लागत असेल तर साल ठेवा, पण जिथे लागेल तिथे. या जन्मदाखल्याची दोन भावंडं आहेत : शब्दकोशातली ‘इम्पिरिअलिझम’ची व्याख्या आणि ‘मानवी इतिहासाच्या आरंभापासून’. कारण तिन्हींचं एकच. लिहायला बसताना काय म्हणायचंय ते ठरलेलं नसतं, म्हणून हात चालता ठेवायला काहीतरी लिहिलं जातं. कच्च्या खर्ड्यात ते चालतं. पक्क्या प्रतीत राहिलं की घोटाळा.

बरं, मुद्दा म्हणजे काय? ‘ऑर्वेलने साम्राज्यवादावर टीका केली आहे’ हा मुद्दा नव्हे. याला नाही कोण म्हणणार? आता मजकूर जवळून बघा. निवेदक म्हणतो, जमावामुळे मला गोळी घालावी लागली. पण हत्ती मारायची बंदूक मागवली कोणी? त्यानेच, स्वतःच्या बचावासाठी. हत्ती घरं मोडत होता तेव्हा लोकांना फारसं सोयरसुतक नव्हतं. बंदूक दिसली आणि सगळी वस्ती मागे लागली. मग असं लिहा : ‘निवेदक दोष जमावावर टाकतो, पण तो जमाव त्याच्याच बंदुकीने गोळा केलेला आहे.’ यावर भांडता येतं. कोणी म्हणेल, हत्तीने एका मजुराला चिरडलं होतं, त्याचं प्रेत पाहूनच बंदूक मागवली ना? उत्तम. तो आक्षेप आणि तुमचं उत्तर, हा झाला एक अख्खा परिच्छेद.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. पुनर्लेखन आता भराभर.

खर्डा झाला की एक दिवस तोंड फिरवा. मग कागदावर छापून घ्या आणि समासात प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं सात-आठ शब्दांत लिहा. लिहिता येत नसेल, तर परिच्छेद जातो. दोघांचं म्हणणं एकच, तर एक जातो. समासात नुसतं ‘काय घडलं’ आलं, तर तो कथासार. तसा एक पुरे. तिसरा आणि चौथा परिच्छेद अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर मधला दुवाच लिहिलेला नाही.

मग अवतरणं. आधी कोण, कुठल्या क्षणी बोलतोय ते सांगा. नंतर तुमची निदान दोन वाक्यं हवीत, नाहीतर अवतरण नुसतं लोंबकळतं. गाइडवरून उतरवू नका, त्यात शब्द गळालेले असतात. मूळ पानाशी ताडून बघा. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या निबंध-मांडणीच्या पद्धतीत गद्य अवतरण चार ओळींपेक्षा जास्त असेल तर वेगळा ठोकळा, डावीकडून अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. कथेतल्या घटना वर्तमानकाळात. एका वाक्यात ‘फायर्स’ आणि पुढच्यात ‘फायर्ड’ असं नको.

व्याकरण सगळ्यात शेवटी. आधी ‘द’ आणि ‘अ’ घासूनपुसून बसवले, ‘डिस्कस’पुढचा ‘अबाउट’ काढला, की ती वाक्यं कापायचा धीर होत नाही. शेवटी मोठ्याने वाचा. दम लागला तिथे वाक्य तोडा.

आणि हो, ‘इन कन्क्लूजन’च्या खाली बघायला विसरू नका. खरा मुद्दा बहुतेक वेळा तिथेच सापडतो, कारण लिहून लिहून तिथवर पोचल्यावर तो तुम्हाला सुचलेला असतो. तो उचलून वर, जन्मदाखल्याच्या जागी आणा. मग मधले परिच्छेद त्या मुद्द्याशी जुळतात का, ते समासातल्या ओळींवरून पुन्हा तपासा. दोनेक तरी नव्याने लिहावे लागतील, तेव्हा सादर करायच्या आदल्या रात्री हे काढून बसू नका.