दोन पोती, पाच दाणे

पेरणी तोंडावर आली की मराठवाड्यात, विदर्भात घरोघरी सोयाबीनच्या बियाण्याची परीक्षा होते. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं. आठवड्याभरानं गुंडाळी उलगडली की धडधाकट कोंब मोजायचे. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. सोयाबीनचं साल पातळ; पोतं आपटलं तरी आतला कोंब दुखावतो. म्हणून ही मोजणी टाळू नये.

समजा, घरात दोन पोती आहेत. एकातले शंभरपैकी ९० दाणे उगवले, दुसऱ्या जुन्या पोत्यातले जेमतेम ४०. पहिल्यातले ३ आणि दुसऱ्यातले २ दाणे टोकले. पाचांपैकी नेमके ४ उगवण्याची शक्यता किती?

हात पटकन सरासरीकडे जातो. पाच दाण्यांची सरासरी ७० टक्के, तीच द्विपद वितरणाच्या सूत्रात (ठरावीक दाण्यांपैकी नेमके इतके उगवण्याची शक्यता काढणारं सूत्र) घातली, ५ × ०.७ × ०.७ × ०.७ × ०.७ × ०.३, की उत्तर येतं ३६ टक्के. हे उत्तर चूक आहे. द्विपद वितरणात प्रत्येक दाण्याची उगवण्याची शक्यता सारखीच असावी लागते. इथे ती दोन प्रकारची आहे, म्हणून प्रत्येक पोत्याचं गणित वेगळं मांडायचं.

चार कोंब दोनच वाटांनी येतात. पहिली वाट: चांगले तिन्ही उगवले, जुन्यातला एकच. तिन्ही उगवण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.७२९. दोनांपैकी एक उगवण्याची २ × ०.४ × ०.६, म्हणजे ०.४८. एका पोत्याचा दुसऱ्यावर परिणाम नाही, म्हणून गुणाकार: सुमारे ०.३५०. दुसरी वाट: चांगल्यातले दोन, जुने दोन्ही. पहिल्याची शक्यता ३ × ०.९ × ०.९ × ०.१, म्हणजे ०.२४३; दुसऱ्याची ०.४ × ०.४, म्हणजे ०.१६. गुणाकार सुमारे ०.०३९. दोन्ही वाटा एकाच वेळी घडू शकत नाहीत, म्हणून बेरीज. उत्तर ०.३८९, जवळपास ३९ टक्के.

पाचही उगवण्याचं पाहिलं तर फरक जास्तच बोचतो. खरी शक्यता १२ टक्के, सरासरीचं सूत्र दाखवतं १७. दोन्हीकडे सरासरी कोंब साडेतीनच, पण साडेतीनच्या आजूबाजूचा पसारा वेगळा. माझं मत स्पष्ट आहे: पोती मिसळू नयेत. जुन्या पोत्याचं बियाणं वेगळं ठेवून एकरी प्रमाण वाढवावं.

आणि हा गुणाकार गोणपाटापुरता. शेतात पावसानं ओढ दिली तर दोन्ही पोत्यांतले दाणे एकदमच मार खातात. मग ते एकमेकांपासून स्वतंत्र उरत नाहीत, आणि हे सूत्र लागू पडत नाही.